वणवा अग्निशामकांचे मूलभूत प्रशिक्षण (अमेरिका)

वणवा अग्निशामकांचे मूलभूत प्रशिक्षण म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जंगल, गवताळ प्रदेश व झुडपी रानांतील आगी विझवण्याच्या कामावर प्रथमच जाणाऱ्या व्यक्तीला दिले जाणारे किमान प्रशिक्षण होय. त्याचा अभ्यासक्रम व पात्रतेचे निकष इ.स. १९७६ मध्ये स्थापन झालेला 'नॅशनल वाइल्डफायर कोऑर्डिनेटिंग ग्रुप' हा आंतरविभागीय गट ठरवतो. वर्गातील पाठ, मैदानी सराव व शारीरिक क्षमता चाचणी असे त्याचे तीन भाग आहेत. वर्ग व मैदानी सरावास साधारणतः आठवडाभर लागतो. उत्तीर्ण व्यक्तीला पात्रतेचे ओळखपत्र मिळते. त्याला 'रेड कार्ड' म्हणतात आणि ते नसल्यास संघीय यंत्रणेच्या आगीवर प्रत्यक्ष काम करता येत नाही.

या प्रशिक्षणात आग विझवण्याचे तंत्र शिकवले जातेच. त्याहून अधिक भर मात्र आग ओळखण्यावर आणि वेळीच माघार घेण्यावर असतो. यातील जवळजवळ प्रत्येक नियमामागे एखादी दुर्घटना आहे.

स्वरूप

शहरातील अग्निशामक पाण्याचा बंब घेऊन येतो आणि श्वसनासाठी हवेची नळकांडी पाठीवर बांधून इमारतीत शिरतो. वणव्यावर काम करणाऱ्याजवळ बहुधा यांपैकी काहीच नसते. डोंगरउतारावर पाणी पोहोचत नाही, आणि सोळा-सोळा तास चालणाऱ्या कामात हवेची नळकांडी वाहणे शक्य नसते. म्हणून तो आगीला पाण्याने विझवण्याऐवजी तिचे इंधन तोडतो. आगीच्या वाटेवरचे गवत, पालापाचोळा व मुळे खरवडून काढून उघड्या मातीचा पट्टा तयार करणे हे त्याचे मुख्य काम असते. महाराष्ट्राच्या वनविभागात उन्हाळ्यापूर्वी आखल्या जाणाऱ्या अशाच पट्ट्यांना जाळरेषा म्हणतात. फरक इतकाच की, जाळरेषा आग लागण्याआधी काढली जाते, तर अमेरिकी हातपथक ती आग पुढे सरकत असतानाच खणते.

अशा पथकात साधारण वीस जण असतात. अनुभवी व कठीण कामगिरीवर पाठवल्या जाणाऱ्या पथकांना 'हॉटशॉट' म्हणतात. विमानातून हवाई छत्रीने उतरणाऱ्यांना 'स्मोकजम्पर' म्हणतात व ही पद्धत १९४० पासून रूढ आहे. याखेरीज हेलिकॉप्टर व बंबगाड्यांवरील पथके असतात. नवा उमेदवार पुढे कोणत्याही पथकात गेला, तरी सुरुवातीचे धडे सर्वांना सारखेच असतात.

इतिहास

ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो व मोंटाना या राज्यांत दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर रान जळाले. मृतांमध्ये आग विझवण्यासाठी गेलेले किमान ७८ जण होते. यांपैकी बरेच जण खाणी, रेल्वे व रस्त्यांवरून गोळा केलेले मजूर होते आणि त्यांना कसलेही प्रशिक्षण नव्हते. एड पुलास्की या वनरक्षकाने आपल्या सुमारे पंचेचाळीस माणसांना वॉलेस गावाजवळच्या एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेले व बाहेर पळू पाहणाऱ्यांना पिस्तूल रोखून थांबवले. त्यांपैकी बहुतेक वाचले. एका बाजूस कुऱ्हाड व दुसऱ्या बाजूस कुदळ असलेले जे हत्यार आजही प्रत्येक उमेदवाराच्या हाती येते, ते त्याच्याच नावाने ओळखले जाते.

प्रशिक्षणाला आजचे वळण लागण्यास कारणीभूत झालेली दुर्घटना मोंटानातील मान गल्च येथे ५ ऑगस्ट १९४९ रोजी घडली. पंधरा स्मोकजम्पर एका लहान वाटणाऱ्या आगीवर उतरले व तेथे आधीपासून असलेला एक रक्षक त्यांना येऊन मिळाला. घळीच्या तोंडाशी आग त्यांच्या वाटेत आडवी आली आणि वाळलेल्या गवतातून त्यांच्या मागे चढावर धावू लागली. पथकप्रमुख वॅग्नर डॉज याने जड हत्यारे टाकून देण्याचा हुकूम दिला. मग त्याने स्वतःच्या पुढ्यातील गवताला काडी लावली आणि त्या जळून गेलेल्या राखेत पालथा पडून इतरांना तेथे येण्यास हाक मारली. पुढ्यातले गवत आधीच जळाल्यास मागून येणाऱ्या आगीला खायला काही उरत नाही, असा त्यामागील विचार होता. पण असे काही त्याच्या माणसांनी पूर्वी ना पाहिले होते, ना शिकले होते. कोणीही थांबले नाही. तेरा जण मृत्युमुखी पडले. डॉज राखेत वाचला, तर दोघे तरुण माथ्यावरील खडकाच्या फटीतून पलीकडे निसटले. नॉर्मन मॅक्लीन यांचे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेले 'यंग मेन अँड फायर' हे पुस्तक याच घटनेवर आहे.

डॉजची युक्ती बरोबर होती, परंतु ती ऐन वेळी समजावून सांगण्याजोगी नव्हती. संकटात जे करायचे ते आधीच ठाऊक व अंगवळणी पडलेले असले पाहिजे, हे या प्रशिक्षणाचे मूलसूत्र तेथूनच आले.

आगीच्या वर्तनाचा अभ्यास

'एस-१९०' या पाठात आगीचे वर्तन इंधन, हवामान व भूरचना या तीन घटकांच्या आधारे शिकवले जाते. इंधनाची वर्गवारी ते किती लवकर वाळते यावरून करतात. गवत व काडीकचरा हे 'एक तासाचे' इंधन. हवेतील आर्द्रता बदलली की तासाभरात ते त्या हवेसारखे कोरडे किंवा दमट होते. मोठ्या ओंडक्यांना 'हजार तासांचे' इंधन म्हणतात. दाट अरण्यातील प्रचंड वृक्षांची आग अधिक धोक्याची, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात वेग असतो तो गवताच्या व झुडपांच्या आगीला.

चढावर आग झपाट्याने जाते, कारण ज्वाळा वरच्या बाजूच्या इंधनाकडे झुकून ते पेटण्याआधीच तापवून ठेवतात. घळीत तर धुराड्यासारखा ओढा तयार होतो. दुपारी उतार तापला की वारा वर वाहतो आणि सूर्यास्तानंतर दिशा पालटतो. वादळी ढगांतून खाली कोसळणारी हवा किंवा येऊ घातलेली शीत आघाडी काही मिनिटांत आगीची बाजू तिच्या तोंडात बदलू शकते. म्हणून उमेदवाराला ओला व कोरडा तापमापक फिरवून सापेक्ष आर्द्रता काढणे, वाऱ्याचा वेग मोजणे आणि ती निरीक्षणे ठरावीक अंतराने नोंदवून बिनतारी संदेशाने कळवणे शिकवतात.

कार्ल विल्सन यांनी जीवघेण्या ठरलेल्या आगींचा अभ्यास करून १९७७ मध्ये त्यांतील चार समान गोष्टी दाखवून दिल्या. बहुतेक मृत्यू लहान आगींवर किंवा मोठ्या आगींच्या शांत भागांत झाले होते. इंधन हलके होते, वाऱ्याची दिशा वा वेग अचानक बदलला होता आणि आग चढावर धावली होती. आकाश व्यापणाऱ्या ज्वाळांसमोर माणूस आपसूकच सावध असतो. घात होतो तो निवांत वाटणाऱ्या दुपारी. हा निष्कर्ष आजही पहिल्याच दिवशी सांगितला जातो.

हत्यारे व रेषा

'एस-१३०' हा मुख्य मैदानी पाठ आहे. पुलास्कीखेरीज दाताळे व रुंद पाते एकत्र असलेले मॅकलाउड, फावडे, यांत्रिक करवत, पाठीवरचा पाण्याचा पंप आणि आग लावण्यासाठी वापरली जाणारी ठिबकणारी मशाल यांची ओळख त्यात होते. हत्यारांना धार कशी लावावी, ती उताराच्या खालच्या बाजूस धरून कशी न्यावी, दोन माणसांत दहा फूट अंतर का ठेवावे, हे बारकाईने घोटून घेतात. पथक एका ओळीत सरकते. प्रत्येक जण दोन-चार घाव घालून पुढे जातो आणि शेवटच्या माणसामागे उघडी माती उरते.

रेषेची सुरुवात रस्ता, नदी, खडक वा आधीच जळालेला भाग अशा ठिकाणाहूनच करायची असते. अशा आधारबिंदूशिवाय काम सुरू केल्यास आग वळसा घालून मागे येऊ शकते. 'एक पाय काळ्यात' हा पथकांतील परवलीचा शब्द आहे. शक्यतो जळून काळ्या पडलेल्या जमिनीला लागूनच काम करावे, म्हणजे बाजूला एक पाऊल टाकताच सुरक्षित जागा मिळते, असा त्याचा अर्थ. ज्वाळा शमल्यानंतरचे काम कंटाळवाणे असले तरी तेच सर्वाधिक वेळ खाते. राखेत हाताची मागची बाजू फिरवून धग शोधणे, बुंध्यातील निखारे उकरणे व माती कालवून ते थंड करणे यात दिवसचे दिवस जातात. मुळे जळालेली वठलेली झाडे याच काळात आवाज न करता कोसळतात. डोके वर ठेवून काम करण्याची सवय म्हणून मुद्दाम लावली जाते.

अंगावरचा पिवळा सदरा व हिरवी विजार ज्वालारोधक ॲरामिड धाग्याची असते. आतील कपडे सुती किंवा लोकरी असावे लागतात, कारण साधा कृत्रिम धागा उष्णतेने वितळून कातडीला चिकटतो. घोट्याच्या वर येणारे चामडी बूट स्वतःच्या पायांत हंगामापूर्वी रुळवून घ्यावेत, हा सल्ला नवशिके हटकून दुर्लक्षितात. पायाला फोड आलेला माणूस मात्र पळण्याच्या वेळी संपूर्ण पथकाचा वेग कमी करतो.

दहा आदेश

इ.स. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातील इनाहा आगीत अकरा जण दगावल्यानंतर वनसेवेचे प्रमुख रिचर्ड मॅकआर्डल यांनी एक समिती नेमली. तिने १९३७ ते १९५६ या काळातील सोळा प्राणघातक आगी तपासल्या आणि १९५७ मध्ये लष्करी स्थायी आदेशांच्या धर्तीवर दहा आदेश तयार केले. हवामानाचा अंदाज घेत राहा, आपली आग या क्षणी काय करीत आहे ते जाणून घ्या, सुटकेचे मार्ग ठरवा व सर्वांना सांगा, टेहळ्या नेमा, सूचना स्पष्ट द्या आणि त्या समजल्याची खात्री करा, असे त्यांचे स्वरूप आहे. आगीशी जोमाने लढण्याची आज्ञा थेट दहाव्या आदेशात येते आणि तीही सुरक्षिततेची तजवीज आधी करण्याच्या अटीवर. पुढे धोक्याच्या विशिष्ट परिस्थितींची यादी जोडली गेली. सुरुवातीस तेरा असलेल्या त्या परिस्थिती आता अठरा आहेत.

दहा आणि अठरा मिळून अठ्ठावीस कलमे धुरात व गोंगाटात आठवणे अवघड असते. जून १९९० मध्ये ॲरिझोनातील ड्यूड आगीत सहा जणांचा बळी गेला. तेथे हजर असलेले हॉटशॉट पथकप्रमुख पॉल ग्लीसन यांनी पुढच्या वर्षी या साऱ्याचे सार चार गोष्टींत मांडले : टेहळ्या, संपर्क, सुटकेचे मार्ग व सुरक्षित क्षेत्र. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'एलसीईएस' म्हणतात. काम सुरू करण्यापूर्वी या चारही गोष्टी जागेवर असाव्यात आणि आग सरकेल तशा त्या पुन्हा तपासाव्यात, असा दंडक आहे. सुरक्षित क्षेत्र केवळ मोकळे असून भागत नाही. सपाट व वाराहीन जागी ज्वाळांच्या उंचीच्या किमान चौपट अंतर सर्व बाजूंनी हवे, असा ठोकताळा दिला जातो. ज्वाळा दहा मीटर उंच असतील, तर माणसाभोवती चाळीस मीटरपर्यंत काहीही जळण्याजोगे नसावे. चढ किंवा वारा असल्यास हे अंतर आणखी वाढते. डोंगरात अशी जागा शोधू लागल्यावर ती किती दुर्मिळ आहे, हे उमेदवाराच्या ध्यानात येते.

फायर शेल्टर

फायर शेल्टर हा एका माणसापुरता, घडी घालून कमरेला बाळगायचा निवारा आहे. बाहेरील बाजूस सिलिकाच्या कापडावर चिकटवलेले ॲल्युमिनियमचे पातळ पत्र व आत काचतंतूंवरील दुसरा थर अशी त्याची रचना असते. कोलोरॅडोतील १९७६ च्या बॅटलमेंट क्रीक आगीत तिघे मरण पावल्यानंतर १९७७ पासून तो बाळगणे सक्तीचे झाले. दूरच्या आगीची प्रारित उष्णता तो बहुतांशी परावर्तित करतो. ज्वाळांचा थेट स्पर्श मात्र त्याला फार वेळ सोसत नाही. दोन थरांना जोडणारा चिकट पदार्थ सुमारे २६० अंश सेल्सिअसला सुटू लागतो.

सरावात तो उघडून, आत शिरून, पाय आगीच्या दिशेने ठेवून पालथे पडावे लागते. चेहरा जमिनीलगत ठेवतात, कारण तेथील हवा सर्वांत थंड असते. मृत्यू अनेकदा भाजण्याहून गरम हवेने श्वसनमार्ग होरपळून होतो. सरावाच्या वेळी प्रशिक्षक बाहेरून निवारा हलवतात व कडा ओढतात, म्हणजे वादळी वाऱ्यात तो धरून ठेवण्याची कल्पना येते.

निवारा कोठे उघडला यावर सर्व काही अवलंबून असते. जुलै २००१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील थर्टीमाइल आगीत चौदा अग्निशामक व दोन पर्यटक एका बंद टोकाच्या रस्त्यावर अडकले. रस्त्यावर निवारे उघडणारे वाचले. त्यांतील एका तरुणीने आपल्या एकट्यापुरत्या निवाऱ्यात त्या दोन्ही पर्यटकांना घेतले होते. रस्त्याच्या वरच्या खडकाळ उतारावर निवारे उघडणाऱ्यांपैकी चौघांचा मृत्यू झाला. ३० जून २०१३ रोजी ॲरिझोनातील यार्नेल हिल येथे ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट पथकाचे एकोणीस जण झुडपांनी वेढलेल्या खोलगट भागात सापडले. त्यांनी निवारे उघडले होते, पण एकही जण वाचला नाही. निवारा म्हणजे चिलखत नव्हे, तर इतर सर्व चुकल्यावर उरणारा शेवटचा उपाय, ही गोष्ट या दोन उदाहरणांवरून सांगितली जाते.

मानवी घटक

कोलोरॅडोतील स्टॉर्म किंग पर्वतावर ६ जुलै १९९४ रोजी शीत आघाडीच्या वाऱ्याने आग उफाळून चौदा जण ठार झाले. तीव्र वाऱ्याचा इशारा हवामान खात्याने दिला होता, पण तो रेषेवरील माणसांपर्यंत पोहोचलाच नव्हता. मृतांपैकी काहींच्या हातांत व पाठीवर हत्यारे तशीच होती. ओझे टाकले असते तर त्यांचा वेग वाढला असता. संघटनशास्त्राचे अभ्यासक कार्ल वाइक यांनी यावर लिहिताना, हत्यार हा माणसाच्या ओळखीचाच भाग बनलेला असतो व ते टाकणे म्हणजे हार मानणे वाटते, असे प्रतिपादन केले. मान गल्चमध्ये दिलेला हुकूम पंचेचाळीस वर्षांनंतरही पुरेसा मुरला नव्हता.

यानंतर १९९५ मध्ये मिझूला येथे मानवी घटकांवर कार्यशाळा झाली आणि पुढे 'एल-१८०' हा स्वतंत्र पाठ आला. थकवा, सवयीने येणारी बेफिकिरी, गटाच्या मताविरुद्ध न बोलण्याची वृत्ती आणि वरिष्ठापुढील संकोच हे त्याचे विषय आहेत. कनिष्ठातील कनिष्ठ सदस्यालाही शंका विचारण्याचा व असुरक्षित काम ठरावीक पद्धतीने नाकारण्याचा अधिकार आहे. नाकारताना कारण सांगावे लागते, आणि तेच काम दुसऱ्या पथकाला देण्यापूर्वी हा नकार त्याला कळवणे वरिष्ठावर बंधनकारक असते. अठरा-एकोणीस वर्षांचा हंगामी कामगार पंधरा हंगाम पाहिलेल्या प्रमुखाला अडवू शकेल काय, हा प्रश्न कागदावरच्या अधिकाराने सुटत नाही. म्हणून वर्गात असे प्रसंग अभिनयाने करवून घेतात.

शारीरिक क्षमता चाचणी

आगीच्या रेषेवर जाण्यासाठी २०.४ किलो ओझे पाठीवर घेऊन ४.८३ किलोमीटर अंतर ४५ मिनिटांत चालून पार करावे लागते. मूळ मापांत हे ४५ पौंड व तीन मैल होतात. धावण्यास परवानगी नाही. मोंटाना विद्यापीठातील ब्रायन शार्की यांनी ही चाचणी विकसित केली. तत्पूर्वी पाच मिनिटे पायरी चढ-उतार करून नाडी मोजत. हृदयविकार हे या क्षेत्रातील मृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे, आणि खुद्द चाचणीदरम्यानही मृत्यू झाले आहेत. त्यामुळे आधी आरोग्यतपासणी होते व तयारी काही आठवडे अगोदर सुरू करण्यास सांगितले जाते. कामाच्या दोन तासांमागे एक तास विश्रांती आणि सलग चौदा दिवसांनंतर सुट्टी ही मर्यादा ठरलेली आहे.

उजळणी व टीका

रेड कार्ड कायम ठेवण्यासाठी दरवर्षी 'आरटी-१३०' ही उजळणी व क्षमता चाचणी द्यावी लागते. प्रत्येक कामगिरीनंतर पथक एकत्र बसून काय ठरले होते, काय घडले, तसे का घडले व पुढच्या वेळी काय करावे, या चार प्रश्नांची चर्चा करते. वरच्या पातळीवरील प्रशिक्षणार्थींना मान गल्च व स्टॉर्म किंग येथे प्रत्यक्ष नेऊन मृतांच्या वाटेने चालवले जाते.

या व्यवस्थेवरील मुख्य आक्षेप असा की, दहा आदेशांचा उपयोग शिकवण्यापेक्षा दुर्घटनेनंतर दोषी ठरवण्यासाठी अधिक झाला. कोणत्याही मोठ्या आगीवर अठरांपैकी काही परिस्थिती हजर असतातच. त्यामुळे चौकशीत 'नियमभंग' हमखास सापडतो. थर्टीमाइल प्रकरणी प्रमुखावर २००६ मध्ये मनुष्यवधाचा आरोप ठेवण्यात आला. २००८ मध्ये त्याने खोटी माहिती दिल्याच्या किरकोळ गुन्ह्याची कबुली दिल्यावर तो खटला संपला. या घटनेनंतर चुका मोकळेपणाने सांगण्यास लोक कचरू लागले. तेव्हापासून अनेक चौकशा दोष न ठरवता शिकण्याच्या हेतूने केल्या जातात. दुसरी उणीव धुराबाबतची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या व्यवसायातील संसर्ग कर्करोगकारक ठरवला. मूलभूत पाठांचा भर मात्र त्या दिवशी जिवंत परतण्यावर आहे, वीस वर्षांनंतरच्या फुप्फुसांचा विचार त्यांत थोडाच येतो.

भारतातील संदर्भ

वणव्यांच्या व्यवस्थापनासाठी अमेरिकेत १९७० च्या दशकात उभी राहिलेली घटना नियंत्रण पद्धती मूलभूत प्रशिक्षणात 'आय-१००' या पाठाने शिकवली जाते. एका माणसाचा एकच वरिष्ठ आणि सर्व खात्यांची एकच परिभाषा ही तिची तत्त्वे आहेत. भारताच्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जुलै २०१० मध्ये प्रसिद्ध केलेली घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वे याच पद्धतीवर आधारलेली आहेत. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांद्वारे टिपलेल्या आगींच्या सूचना राज्यांना पाठवते, आणि महाराष्ट्रात त्या वनपरिक्षेत्रांपर्यंत पोहोचतात. तेथे आग प्रत्यक्ष विझवतात ते वनरक्षक, वनमजूर व हंगामापुरते नेमलेले गावकरी. हिरव्या फांद्यांनी झोडपणे, जाळरेषेवरून प्रतिआग लावणे आणि अलीकडे पालापाचोळा उडवणारे ब्लोअर यंत्र या त्यांच्या पद्धती आहेत. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील बिनसर अभयारण्यात आग विझवण्यास गेलेल्या वनकर्मचाऱ्यांचा होरपळून मृत्यू झाला. तेथेही उतार तीव्र होता, आणि जमिनीवर चीड वृक्षांच्या वाळलेल्या सुयांचे हलके इंधन होते.